खेचराला किती द्यायचं?

“पण किलोला किती, सर?”

“कुणाच्या किलोला?”

“किलो तो किलो. उंदराचा असो, हत्तीचा असो.”

“वाण्याकडे,” ओगले म्हणाले आणि भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

दुपारचे दोन वाजले होते. डॉ. मोरेश्वर ओगले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पन्नास वर्षं त्यांनी जनावरांना भूल दिली आणि सत्तरीपर्यंत कॉलेजात ती द्यायला शिकवली. घोडे, बैल, कुत्री, एकदा सर्कशीतली आजारी वाघीण. आता ते या डोंगरावर राहत होते. इथे मोटार येत नाही. गॅसच्या टाकीपासून पाहुण्यांच्या बॅगांपर्यंत सगळं घोड्याखेचराच्या पाठीवरून चढतं. दोन वर्षांपूर्वी ओगल्यांचा उजवा हात थरथरायला लागला. त्या दिवशी त्यांनी सुई खाली ठेवली. लोकांनी मात्र जनावरं आणायची थांबवली नाहीत, कारण खरा दवाखाना खाली, नऊ किलोमीटरवर.

समोर बसलेला डॉ. सारंग हिर्लेकर त्यांच्या शेवटच्या तुकडीतला. एकतीस वर्षांचा, पहिला आलेला, आणि आपण पहिले आलो होतो हे अजून न विसरलेला. डोळे मात्र तारवटलेले. बरेच दिवस नीट झोप नसावी.

त्याने एक तक्ता बनवला होता. जनावराची जात, वय आणि वजन भरलं की भुलीचा डोस बाहेर. मांडीवर लॅपटॉप होता आणि तो समजावून सांगत होता. खरं तर दुसऱ्यांदा सांगत होता.

“लहान जिवाचा कारभार भराभरा चालतो, सर. उंदराला किलोमागे जास्त लागतं, हत्तीला कमी. सरळ वजनाने गुणलं तर हत्ती मरतो.”

“मरतो,” ओगले डोळे न उघडता म्हणाले.

“म्हणून मी सरळ गुणत नाही.”

“बरं करतोस. घोडा तीनशे किलो, बैल तीनशे किलो. घोड्याला गुंगीचं औषध दहा भाग लागलं तर बैलाला?”

“एक भाग. घातलंय ते.”

“डुक्कर?”

“बैलाच्या कितीतरी पट. घातलंय.”

“गाढव?”

“घोड्यापेक्षा थोडं जास्त. तेही आहे, सर.”

“कालचं पिल्लू?”

“त्याचं यकृत अजून कामाला लागलेलं नसतं. कमी द्यायचं.”

“म्हातारा?”

“त्याचं यकृत दमलेलं असतं. कमीच.”

ओगल्यांनी डोळे उघडले.

“चांगला आहे तक्ता.”

ओगल्यांनी कुणाला चांगलं म्हटल्याचं सारंगला आठवत नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो घाईघाईने म्हणाला, “फक्त तुमच्या वह्या हव्यात, सर. पन्नास वर्षांच्या नोंदी आत गेल्या की तक्ता पुरा. मग कुणाला डोकंच लावायला नको.”

“डोकं लावायचा कंटाळा आला?”

सारंगने लॅपटॉपचं झाकण लावलं.

ओगल्यांनी हनुवटीनेच कोपऱ्यातली पत्र्याची पेटी दाखवली. सारंगने वरची वही काढली. चाळली. दुसरी काढली.

“सर… यात वजनच नाही.”

“काटा नव्हता.”

“मग डोस कशावरून ठरवलात?”

“बघून.”

“काय बघून?”

“त्याला.”

सारंगने वही मिटली. शहाण्याला शब्दाचा मार असं म्हणतात. याला आकड्यांचाच लागत असे, आणि आकडा तर म्हातारा देईना. तीन तास एसटीने आणि दीड तास पायी येऊन पदरात पडलं ते एवढंच. त्याला एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात दाराशी खुरं वाजली. चार नाही, तीनच.

ठकूबाई आखाडे. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली, साठीची, नवऱ्यामागे एकटीने खेचर हाकणारी. मागे तिचं खेचर, हवालदार. उजवा मागचा पाय अधांतरी. वास त्याच्याआधी घरात आला.

“कुंपणाची तार घुसलीय, डाक्तर. चार दीस झालं. मी हळद लावली, पाला लावला…”

ओगले उठले. वाकून पाहिलं. मांस तारेवर चढलं होतं. तार दिसत नव्हती, नुसती सूज आणि पू.

“काल का नाही आणलंस?”

“काल चालत न्हवता.”

“आज?”

“आजबी न्हाई. मीच वढत आणला.” तिचा आवाज फाटला. “वाचंल न्हवं ओ त्यो? त्यो गेला तर माझं ह्या डोंगरावर काय हाय? घरात बोलायला दुसरं कोण न्हाई मला.”

 ओगले सारंगकडे वळून म्हणाले, “आडवा करायला लागेल. आजच. उद्या पाय जाईल, परवा खेचर.”

“करा ना, सर.”

ओगल्यांनी उजवा हात पुढे धरला. हात पाण्यावरच्या पानासारखा हलत होता.

“पकड धरता येते मला अजून. तार मी काढतो. शीर सापडणार नाही. भूल तू दे.”

सारंग एक पाऊल मागे सरकला.

“मी सध्या सुई धरत नाही, सर.”

“कधीपासून?”

“तीन आठवडे.”

“का?”

“तक्ता पुरा होईपर्यंत नाही धरणार.”

ठकूबाईने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. दोन डॉक्टर आणि एकालाही सुई धरता येत नाही, हे तिला नीट कळलं नसावं. ती एवढंच म्हणाली, “दादा, लई दूरनं आलाय जनू तुमी. हात लावा की.”

दादा म्हटल्यावर माणूस अडकतो. सारंग खाली बसला. लॅपटॉप उघडला. जातींची यादी वर नेली, खाली नेली.

“खेचर नाही यात.”

“बघ बरं,” ओगले म्हणाले.

“घोडा आहे. गाढव आहे. खेचर नाही… आई घोडी, बाप गाढव. दोघांच्या मधला आकडा घेऊ?”

“खेचर मधलं नसतं. आईबापांपेक्षा जास्त लागतं त्याला.”

“किती जास्त?”

“कधी दीडपट. कधी नाही.”

“कधी म्हणजे कधी?”

ओगल्यांनी हवालदाराच्या मानेवरून हात फिरवला.

“वय?” सारंगने ठकूबाईला विचारलं.

“थोरलीच्या लग्नात घेतला. तवा दोन दाताचा हुता. थोरलीला आता नातू हाय.”

ओगल्यांनी हवालदाराचा ओठ वर करून दात पाहिले. “अठ्ठावीसच्या पुढे.”

म्हणजे खेचर म्हणून जास्त आणि म्हातारं म्हणून कमी. वजनासाठी सारंगने छातीभोवती सुतळी फिरवली, लांबी मोजली, गुणाकार केला.

“दोनशे नव्वद.”

“पोट धरून?”

“पोट धरूनच असतं ना वजन.”

“चार दिवस त्याने काय खाल्लंय?”

“माझ्या हातचं बी खाईना,” ठकूबाई म्हणाली.

सारंगने आकडा बदलला. मग पुन्हा बदलला. मग तिन्ही आकडे एका चिठ्ठीवर एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. पहिला घोड्याचा, दुसरा गाढवाचा, तिसरा खेचराचा म्हणून त्याने अंदाजाने दीडपट केलेला. पहिल्याने खेचर अर्धवट जागं राहून लाथ मारील. तिसऱ्याने कदाचित उठणारच नाही.  त्याला भीती वाटत होती. साधी, लहान पोराला वाटते तशी भीती.

“सर, यातला कुठला?”

“सगळ्यात लहान घे.”

“पहिला?”

“त्याचं अर्धं कर.”

“अर्ध्याने काय होणार?”

“नाही झालं तर दिसेल.”

“आणि तेवढंच जास्त झालं तर?”

“तेही दिसेल.”

सारंगने सिरिंज भरली. मानेवर अंगठा दाबला, शीर फुगली. हात चांगला होता त्याचा. सुई पहिल्या खेपेला बसली. भुलीआधी द्यायचं गुंगीचं अर्धं औषध आत गेलं.

मग काही झालं नाही.

तीन मिनिटं. पाच. हवालदार कान ताठ करून उभा. सात मिनिटं. डोळे टक्क उघडे. सारंगने दुसरी सिरिंज भरायला घेतली.

“थांब.”

“तक्त्यात पाच मिनिटं आहेत, सर.”

“त्याने तक्ता वाचलेला नाही.”

“पण औषध लागूच होत नाहीये!”

“घोडा घाबरला की नाचून दाखवतो. खेचर भीती आत ठेवतं. आत इतकं ठेवतं, की औषधाला जागाच नाही.” एवढं लांब बोलून ओगले दमले. थोडं थांबून म्हणाले, “ठकूबाई, तू गप्प का?”

ठकूबाई लगाम धरून उभी होती. ओठ घट्ट.

“जीव थाऱ्यावर न्हाई माझा.”

“रोज वर चढताना काय म्हणतेस त्याला?”

तिने पदर तोंडाशी नेला. “ते कसं सांगू तुमास्नी… शिव्या देते.”

“मग दे.”

“आता? ह्या दादांच्या म्होरं?”

“आत्ता.”

ठकूबाईने एकदा घसा खाकरला.

“मुडद्या,” ती हळूच म्हणाली. हवालदाराचा एक कान तिच्याकडे वळला. “मुडद्या, तुला पटकी आली. कुनाच्या कुंपनात तंगडी घातलीस रं, काळतोंड्या? डोळं काय गहान ठेवलं हुतं? म्हाताऱ्या, जल्म गेला तुझा वाट तुडवन्यात, अन् तुला तार दिसंना? हाडं मोडली तुझी…” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड थांबत नव्हतं. तिच्या घरात इतकी वर्षं असाच संवाद चालत आला होता, आणि प्रेमाचा दुसरा कुठला प्रकार हवालदाराला ठाऊक नव्हता.

दुसरा कान पडला. खालचा ओठ लोंबला. मान हळूहळू खाली आली आणि नाक ठकूबाईच्या पोटाला टेकलं.

“आता उरलेलं अर्धं,” ओगले म्हणाले. “मग भुलीचं.”

हवालदार गुडघ्यात वाकला आणि अंगणातल्या पेंढ्यावर आडवा झाला. अंगाखालून धूळ उडाली.

“तू डोक्याशी बस.”

“सर, मी पायाकडे मदत…”

“डोक्याशी.”

सारंग बसला. एक हात मानेखाली, दुसरा नाकपुडीसमोर. ठकूबाईने दोरीने पाय ताणून धरला. ओगल्यांनी पकड घेतली. हात हलत होता, पण पकडीने तार धरली की हललेलं चालतं. ते हळू काम करत होते. तारेचा तुकडा आला, मग दुसरा. तिसरा कंडरेखाली होता, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीखाली. त्याला फार वेळ लागला. मध्येच सारंगने भुलीचं थोडं औषध पुन्हा दिलं. आकडा त्याने मनात म्हटला नाही. डोळ्याची पापणी हलली म्हणून दिलं.

जखम धुतली. पट्टी झाली. ओगले ओसरीच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

सारंगने घड्याळ पाहिलं. “पंचवीस मिनिटांत उठायला हवा.”



पंचवीस मिनिटं झाली. तीस झाली. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, मग खऱ्या मुंग्याही आल्या. त्याला पाणी हवं होतं. लॅपटॉप ओसरीवर होता. आत काहीतरी चुकलंय, उठून एकदा बघावं असं त्याला सारखं वाटत होतं. त्याने उठायला हात टेकलाही.

दुसऱ्या हातावरचा वारा थांबला होता.

 तो खाली वाकला. हवालदाराची मान पेंढ्यात घसरून दुमडली होती, गळा दबला होता. सारंगने दोन्ही हातांनी डोकं उचललं, मान सरळ ओढली, जबडा उघडून जीभ बाहेर काढली. छातीवर गुडघा देऊन दाबलं. एकदा. दोनदा.

“हवालदारा!” ठकूबाई ओरडली.

तिसऱ्यांदा दाबलं आणि खेचराच्या नाकातून फर्रकन वारा आला. सारंगच्या तोंडावर शेंबूड उडाला. त्याने तो पुसला नाही.

ओगले पायरीवरून उठले नव्हते. तिथून ते सारंगकडे बघत होते, खेचराकडे नाही.

त्यानंतर सारंग हलला नाही. मान मांडीवर घेऊन बसून राहिला. एक तास दहा मिनिटांनी हवालदार पोटावर वळला, पुढचे पाय रोवले, एकदा पडला, आणि दुसऱ्या खेपेला उभा राहिला. चौथा पाय जपून जमिनीला टेकला. ठकूबाईने त्याच्या मानेवर एक धपाटा दिला आणि तिथेच कपाळ टेकून रडली.

“आज इथेच बांध त्याला,” ओगले म्हणाले. “घोटभर पाणी. चारा इतक्यात नको.”

ती त्याला मागच्या तबेल्याकडे घेऊन गेली. तिच्या शिव्या हळूहळू लांब गेल्या.

सारंग ओसरीवर आला. पायरीवर ओगल्यांच्या खाली बसला.  त्याने पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढून पुढे केला.

“हे बघाल, सर?”

“काय आहे?”

“शिंगरू होतं. नऊ दिवसांचं. बेंबीचा हर्निया. तीन आठवड्यांपूर्वी.”

ओगल्यांनी कागद लांब धरून वाचला. ओठ हलवत हिशेब केला. वजन, वय, किती दिलं, किती वाजता दिलं. पुन्हा वरपासून वाचला. सारंग त्यांच्या तोंडाकडे बघत होता. याच कागदासाठी तो डोंगर चढून आला होता. वह्या हे निमित्त होतं.

“बरोबर आहे,” ओगले म्हणाले.

“बरोबर?”

“मीही एवढंच दिलं असतं.”

सारंगने श्वास सोडला. पण हलकं काही वाटलं नाही.

“मग ते गेलं कसं?”

“ऑपरेशन नीट झालं?”

“उत्तम झालं. टाकेसुद्धा झाले. भूल उतरायला लागली होती, अठरा मिनिटांत उठणार होतं. आणि शेजारच्या टेबलावर कुत्रा होता, त्याचे लोक ओरडत होते, मग मी…”



“किती वेळ?” ओगल्यांनी विचारलं.

“अकरा मिनिटं.”

ओगल्यांनी कागद पायरीवर ठेवला.

“मान दुमडली होती, सर. एवढंच. बाकी काही नाही. कुणीतरी नुसती सरळ करायला हवी होती… घोडी बाहेर बांधलेली होती. तिला दिसत होतं.”

तो रडत होता, पण आवाज होत नव्हता. ओगल्यांनी त्याला थोपटलं नाही. हात गुडघ्यावर होता, तो तिथेच हलत राहिला.

सारंगने नाक पुसलं. कागद परत घेतला आणि त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“पण हा बरोबर होता ना, सर? मी तीन वेळा तपासला होता. पक्की खात्री होती मला.”

“बरोबर होता,” ओगले म्हणाले. “…म्हणूनच तर तू उठून गेलास.”